सफरचंद पुन्हा टांगा

"दादा, मला एकच फोटो हवाय," निघता निघता रादोयकाने भावाला बजावलं. "सफरचंद पडतानाचा. बाकी दिवसभर काय वाट्टेल ते काढ."

वुकोमानने मान डोलावली. तीस वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नात ह्याच गृहस्थाने दिवसभर कॅमेरा मिरवला होता आणि आत फिल्म घालायचीच राहून गेली होती. शेजारणी आपापल्या लग्नाचे अल्बम काढून बसल्या, की रादोयका अजूनही उठून कॉफी करायला जायची. आज तिच्या मुलाचं, ओग्न्येनचं लग्न होतं. चर्चपासून पुढे चाचाक शहरातला पगारी फोटोग्राफर येणार होता, पण नवरीच्या अंगणातल्या फोटोंचा मान मामाचा. मामाची सगळी अब्रू त्या एका सफरचंदाला टांगलेली होती.

त्यासाठी त्याने नवाकोरा मिररलेस कॅमेरा घेतला होता. महिनाभर त्याने कोंबड्यांचे फोटो काढून हात बसवला. सगळे उत्तम आले. तेवढ्यावर थांबला असता तर तो वुकोमान कसला? लग्नाच्या सकाळी त्याने कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स काढून घरी ठेवली आणि मध्ये एक जोडकडी घालून वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स चढवली.

"बाबांच्या डोळ्यांनी नातवाचं लग्न बघायचं," तो बायकोला म्हणाला.

"बाबांना मोतीबिंदू होता," देसान्का म्हणाली.

वरात नवरीच्या दारात पोचली. पॉप्लरच्या उंच झाडाच्या शेंड्याला सफरचंद डुलत होतं. रिवाज असा, की ते मुलाकडच्यांनी गोळीने पाडल्याशिवाय नवरी बाहेर येत नाही. नेम धरायला ओग्न्येनचे थोरले काका, मिलोयको, पुढे झाले. वाद्यवाले थांबले. वुकोमानने डोळा लावला, बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म. पडद्यावर अक्षरं उमटली: 'लेन्स नाही'.

"नाही कशी? ही काय आहे मग?" वुकोमान ओरडला, आणि तेवढ्यात धडाम! पहिल्याच गोळीला सफरचंदाच्या चिंधड्या उडाल्या.

वाद्यं सुरू झाली. मिलोयकोकाकांना लोकांनी उचललं आणि खाली ठेवायच्या आत दोन ग्लास राकिया, फळांची कडक दारू, पाजली. वुकोमान मात्र पांढराफटक पडून उभा होता. बहीण गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे निघाली.

"थांबा!" त्याने दोन्ही हात वर केले. "फोटो आला नाही. परत पाडा!"

नवरीचा बाप, ग्वोझ्देन, मिशीत हसला. "टांगतो की, व्याही. पण नियम पहिल्यापासून. हे पडलं नाही तर पोरगी घरात."

"मामा, काय करताय? मिळाली होती ना ती मला!" ओग्न्येन कळवळला.

"टांगा," रादोयका म्हणाली, आणि विषय संपला.

दुसरं सफरचंद वर जाईपर्यंत देसान्काने कॅमेरा हिसकावून घेतला आणि पटापट बटणं दाबली. "हे बघ. 'लेन्स नसताना फोटो काढू द्यावा का?' हो म्हण."

"का म्हणून? बाबांची लेन्स लावलीय. ती नाही असं मी लिहून देऊ?"

"अरे, ती जुनी आहे, कॅमेऱ्याशी बोलत नाही, म्हणून त्याला दिसत नाही. बोल थोडं खोटं. माझ्याशी जन्मभर बोललास, कॅमेऱ्याशी काय लाजतोस?"

वुकोमानने मनातल्या मनात बाबांची माफी मागून 'हो' दाबलं. आता फोकस बाबांच्या लेन्सवरची कडी हाताने फिरवून जुळवायचा होता. जे स्पष्ट होईल त्याच्या कडा कॅमेऱ्यात लाल चमकत. शेंड्यावरचं सफरचंद लालेलाल झालं. "चला काका!"

पण काकांच्या पोटात आता राकिया होती. पहिली गोळी ढगात गेली. ग्वोझ्देन तत्परतेने ग्लास घेऊन आला. "होतं असं, व्याही. घ्या, हात स्थिर होतो." दुसरी गोळी चुकली, दुसरा ग्लास आला. सहाव्या गोळीला काका विचारत होते, "ह्यातलं कुठलं सफरचंद?" वुकोमानकडे तोवर धडधाकट सफरचंदाचे सहा अप्रतिम फोटो जमले होते.

ओग्न्येनने बंदूक घेतली. त्याने धुराड्याजवळचं एक कौल पाडलं. चर्चमधून पाद्रीबुवांचा फोन आला, की पुढचं लग्न दारात उभं आहे.

तेव्हा दार धाडकन उघडलं आणि पांढऱ्या झग्यातली नवरी, नेवेना, स्वतःच बाहेर आली. "सकाळी पाचपासून केस बांधून बसलेय मी! आणा इकडे."

"अगं बाई, ठेव ती बंदूक!" म्हणत रादोयका पुढे धावली, ती नेमकी भावाच्या कॅमेऱ्यासमोर. वुकोमानचा हात कडीवर फिरला, समोर काहीतरी लाल चमकलं, बोट दाबलं गेलं. त्याच क्षणी धडाम झालं, आणि सफरचंद झाडावरून नाहीसं झालं.

ग्वोझ्देन पुढे झाला.

"नियम म्हणजे नियम. ज्याने पाडलं त्याने न्यायचं. आमच्या मुलीने पाडलं. व्याही, तुमचा मुलगा द्या!"

हशा उसळला. नेवेनाने ओग्न्येनचा दंड धरला, वाद्यांचा दणका उडाला आणि नवरामुलगा वाजतगाजत फाटकाबाहेर गेलासुद्धा. जाताना त्याचा चेहरा असा खुलला होता, की त्याला कुणी सोडवायला गेलं नाही.

अंगणात भाऊबहीण उरली.

"दाखव," रादोयका म्हणाली.

वुकोमानने घाबरत कॅमेरा पुढे केला. सफरचंद नव्हतं. झाड म्हणजे एक हिरवा डाग, नवरी म्हणजे पांढरा डाग. मधोमध मात्र रादोयका होती, पापणीन् पापणी मोजता यावी इतकी स्पष्ट. हात पसरलेले, तोंड वासलेलं, केस सुटलेले, आणि डोळ्यांत भीती की हसू हे देवालाच ठाऊक. तीस वर्षांत तिचा इतका जिवंत फोटो कुणी काढला नव्हता.

तिने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. वुकोमानचा जीव टांगणीला लागला.

"पुसून टाक," ती शेवटी म्हणाली.

बिचाऱ्याने उसासा टाकून बटणाकडे बोट नेलं. रादोयकाने झपकन त्याचं मनगट धरलं.

"थांब रे. आधी मला पाठव."