सासऱ्यांचं जंबो

सुदिब्योने सासऱ्यांच्या जंबोला हो म्हटलं आणि तिथेच सगळं बिघडलं. (जंबो कॉम्प्युटरवरचं होतं हो. सासरे मात्र खरे होते.)

सेमारांग शहरातल्या त्याच्या विमानखेळाच्या मंडळाचं दर रविवारी सामूहिक उड्डाण व्हायचं. प्रत्येकजण आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे, कानाला हेडफोन, आणि पडद्यावर सगळी विमानं एकत्र. कुठली विमानं चालतील हे ठरवायचं काम सुदिब्योचं. या खेपेला जायचं होतं करिमुनजावा बेटावर. धावपट्टी इवलीशी, म्हणून फक्त छोटी विमानं घ्यायची असं त्याने ठरवलंही होतं. तेवढ्यात गल्लीपलीकडून सासरेबुवांचा फोन.

"जावईबापू, मीही येतो. माझं जंबो चालेल ना?"

नाही म्हणायचं? जावा बेटावरच्या जावयाने, सासऱ्यांना?

"चालेल की, बाबा!" तो म्हणाला आणि मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

मग मंडळातल्या योहानेसने लढाऊ विमान पुढे केलं, तितिकबाईंनी औषधफवारणीचं. इथे मतदान नसतं. सगळे हो म्हणेस्तोवर बोलत राहायचं. बोलून बोलून घसे बसले आणि एकमताने ठरलं की सगळंच चालेल! वर सुदिब्योने शहाणपणा केला आणि नियम घातला, वडीलधाऱ्यांच्या आधी कुणी उतरायचं नाही. सासरे खूश होतील, एवढाच हिशेब.

रविवारी सकाळी त्याची बायको वुर्यानी ठेवणीतलं केबाया पोलकं घालून, अंबाड्यात फुलं माळून दारात उभी. तिच्या भाचीचं लग्न होतं, आणि नवरीला आशीर्वाद द्यायचा मान आजोबांचा, म्हणजे याच सासरेबुवांचा.

"अहो, गाडी आलीय! बाबाही निघालेले नाहीत. तिकडे नवरी खोळंबलीय. काय चाललंय तुमचं?"

"झालंच. उतरतोच आहोत."

कसले उतरतायत! जंबो बेटावर घिरट्या घालतंय, मागे बाकीची वरात. सुदिब्योचा पाय टेबलाखाली थांबेना. घड्याळ, पडदा, दार, पुन्हा घड्याळ. योहानेसचा खासगी मेसेज आला, "इंधन संपतंय! म्हाताऱ्यांना उतरायला सांगा ना!"

"तूच सांग."

"माझे सासरे आहेत का?"

योहानेस समुद्रात पडला. पाठोपाठ तितिकबाई.

इतक्यात वुर्यानीचा फोन वाजला. सासरेबुवा कडाडले, "अगं, तुझ्या नवऱ्याला काही कळतं का? लग्नाचे कपडे घालून बसलोय मी! आधी मी उतरायचं, कबूल. पण यजमानाने 'या' म्हणायला नको? न बोलावता उतरायला मी काय भुकेला पाहुणा आहे?"

सुदिब्योने कपाळावर हात मारला. त्याने तोंड उघडायच्या आत वुर्यानीने हेडफोन ओढून घेतला.

"उतरा सगळे! जे काय असेल ते घेऊन उतरा! आणि बाबा, तुम्ही आधी खुर्चीतून उतरा!"

उरलेले सगळे निमूट उतरले. जंबो धावपट्टी संपवून नारळाच्या झाडांत घुसलं, पण आजोबा मांडवात वेळेवर पोचले.

जेवताना मंडळाचा मेसेज आला. यापुढे विमानं वुर्यानीताईंनी ठरवावीत. सगळ्यांचा, अगदी सासरेबुवांचाही होकार आला होता. फक्त एकाचा राहिला होता. आता एकमत मोडायचं कसं? सुदिब्योने मुकाट्याने होकार दाबला.

लगेच शेजारच्या खुर्चीवरून वुर्यानीचा पहिला नियम आला.

"विमानं सगळी चालतील. जावई नाही."