नारायणअण्णांचा शेतीसल्ला

आमचे घरमालक नारायणअण्णा रोज सकाळी सहाला बंगळूरच्या राजाजीनगरातल्या आपल्या व्हरांड्यात उभे राहून फोनवर शेती करतात. स्वतःची जमीन म्हणाल तर कढीपत्त्याची एक कुंडी, तीही वाळलेली. पण फोन लागला की ऐकावं. "रागीत पाणी तुंबू दे, मुळं थंड राहतात." "पावटा आत्ताच चैत्रात पेरून टाक." "शेणखत कुजवतेस कशाला, ताजंच पसर."

माझं माहेर जत भागातलं, कोरडवाहू. रागीतलं, म्हणजे नाचणीतलं, मला फार कळत नाही, पण ताज्या शेणाने पिकाला हुमणीची अळी लागते एवढं आमच्याकडे कोणीही सांगेल. वरच्या मजल्यावर चहा पिता पिता मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हा माणूस कोणाचं तरी वाटोळं करतोय. फोन स्पीकरवरच असायचा; पलीकडून एका बाईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो चांगला दहा मिनिटं. अण्णा निमूट ऐकून घ्यायचे आणि फोन ठेवल्यावर चक्क हसायचे. ते हसणं मला मुळीच आवडायचं नाही.

माणूस अडाणी म्हणावा तर तसंही नाही. तीस वर्षं एका सरकारी कारखान्यात सुटे भाग तपासले, म्हणजे पगारच संशय घेण्याचा. नोकरी संपली, बायकोही गेली, सवय तेवढी राहिली. दूध आलं की बोटावर थेंब घेऊन उन्हात धरतात. मोबाइलवर पावसाचा अंदाज आला की गच्चीवर जाऊन आभाळ बघतात आणि मान हलवतात, "स्वल्प संशय आहे." मी एकदा पुरणपोळ्या नेऊन दिल्या, तर ताट हातात धरून विचारलं, "आज सण नाही. काय काम आहे?"

अशा माणसाजवळ राहून हा रोग मलाही लागला. एकदा मी सरळ विचारलं, "अण्णा, रोज सल्ला कोणाला देता?"

"यमुनाला. धाकटी बहीण माझी. मागडीकडे शेत आहे, एकटीच बघते."

"आणि ती ऐकते तुमचं?"

"ऐकत नाही ते बरं आहे," म्हणाले आणि आत गेले.

मग मला सगळा डाव कळला. बंगळूर आता तिकडेच पसरत चाललंय. पीक बुडेल, बहीण कंटाळेल, जमीन विकायला काढेल, आणि अण्णा ती स्वस्तात घ्यायला पुढे होतील. मी मनातल्या मनात त्यांना दोषी ठरवून मोकळी झाले.

श्रावणातल्या एका सकाळी अण्णा फोनवर म्हणाले, "तो कोवळा जोंधळा काप आणि गाईला पोटभर घाल." माझा कप हातातच राहिला. कोवळ्या ज्वारीने किराळ लागते, अंगात विष भिनतं, बघता बघता जनावर आडवं होतं. आता खाली जाऊन चार शब्द सुनवायचेच म्हणून मी उठले. तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला, "सरी, अण्णा." बरं म्हणे. आणि फोन बंद.

मिनिटभरात अण्णा माझ्या दारात. पायात चप्पल नाही.

"मीना, गाडी काढ गं. यमुना सरी म्हणाली."

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"ती कधी सरी म्हणत नाही. आता फोनपण उचलत नाही."

गाडीत मी त्यांना बरंच बोलले. ते खिडकीबाहेर बघत होते. शहर मागे पडल्यावर म्हणाले, "तिचा नवरा गेला तेव्हा चार महिने बोलली नाही. मी फोन करायचो, ती नुसतं हं म्हणायची. एक दिवस चुकून सांगितलं, रागीत पाणी साठव. केवढी तुटून पडली माझ्यावर! त्या दिवशी जेवली पण. तेव्हापासून शेतीचं पुस्तक आणून ठेवलंय. हंगामाप्रमाणे बरोबर काय ते बघायचं आणि उलटं सांगायचं. स्वल्प कष्टाचं काम आहे."

मला स्वतःची लाज वाटली. उरलेला रस्ता मी गाडी जरा जोरातच हाणली.

गाय गोठ्यात वाळकं काड खात उभी होती. जोंधळा शेतात तसाच. यमुनाक्का ओसरीवर कांबळं पांघरून पडल्या होत्या, अंग तापाने फणफणलेलं.

"जोंधळा घातलास?" अण्णांनी विचारलं.

"मी काय खुळी आहे?"

अण्णांनी डोळे पुसले आणि डॉक्टर आणायला तसेच अनवाणी निघाले.

मी अक्कांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. "मग सरी का म्हणालात?"

"भांडायला जीव नव्हता गं आज." मग त्या म्हणाल्या, "एवढा शिकलेला माणूस, रोज उठून इतकं चुकीचं कसं बोलेल? मला काय कळत नाही? वहिनी गेली, कारखाना सुटला. त्या घरात त्याच्याशी वाद घालायला कोण आहे? म्हणून मी रोज भांडते. तेवढाच त्याचा दिवस बरा जातो. तू सांगू नकोस हं त्याला."

मी नाही सांगणार म्हणून मान हलवली. अण्णांचंही अक्कांना काही सांगितलं नाही.