रविवारपर्यंत चालबंदी

मंगळवारी सकाळी ढब्बू चालला.

ढब्बू हे त्याचे कागदोपत्री नाव नव्हे. परंतु वर्षाच्या आतल्या मुलाला कागदोपत्री नावाने हाक मारली तर ते ओ देत नाही. ढब्बू म्हटले की निदान जांभई देते. तर हा ढब्बू सोफ्याची कड सोडून, कुणाचेही बोट न धरता, टीपॉयपर्यंत गेला. तेथील रिमोट उचलून त्याने तोंडात घातला आणि कार्य सिद्धीस गेल्याप्रमाणे खाली बसला. घटनास्थळी आजोबा हजर होते. आई प्रयोगशाळेत लोकांचे रक्त तपासत होती आणि बाबा विमा कंपनीच्या दावे विभागात लोकांचे दावे फेटाळत होते.

संध्याकाळी दोघे घरी आल्यावर आजोबांनी ही वार्ता दिली. आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर बाबांनी हात पुढे केला.

"दाखवा."

"काय दाखवू?"

"व्हिडिओ."

"अरे, माझ्या हातात चहा होता."

"चहा खाली ठेवायचा ना, अण्णा!"

"कप ठेवून, चष्मा शोधून, तुझा तो फोन उघडेपर्यंत पोरगं बालवाडीत गेलं असतं."

बाबांनी सुस्कारा सोडला. नोकरीत असे प्रसंग त्यांच्यापुढे रोज येत. "घटना घडणं वेगळं आणि घटना सिद्ध होणं वेगळं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "साक्षीदार एकच. तोही जवळचा नातेवाईक. तोही चहा पिताना."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही हो. तुम्ही खरंच बोलताय. फक्त ते धरता येत नाही."

आईने ढब्बूला जवळ ओढले. तिची गोष्ट वेगळी होती. ढब्बूचा पहिला दात आजोबांच्या बोटाला कळला होता. तो पहिल्यांदा कुशीवर वळला तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत फोनवरून त्याला पाहत होती; चित्र गोठले, आणि पुन्हा हलू लागले तेव्हा पोरगा पालथा होऊन चादर चाटत होता. त्यामुळे तिचे मागणे फार मोठे नव्हते. "एक तरी पहिलं माझ्यासमोर होऊ दे," ती म्हणाली.

नेमक्या या वाक्यावर आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कुटुंबात काहीही घडायचे असेल तर ते तिला आधी कळवून घडावे, असा एक अलिखित नियम होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि निर्णय दिला. मंगळवारचे चालणे रद्द समजण्यात यावे. ढब्बूचा पहिला वाढदिवस रविवारी आहेच. माणसे जमणार आहेत, फोटोवाला येणार आहे, केक तर सांगितलाच आहे. पहिले पाऊल रविवारी केकनंतर आणि जेवणाआधी टाकण्यात येईल. आईसमोर, आईच्या दिशेने, सर्वांच्या साक्षीने.

"आणि तोवर?" आईने विचारले.

"तोवर काय? चालू द्यायचं नाही."

अशा रीतीने घरात चालबंदी लागू झाली. रांगण्यास मुभा. धरून उभे राहण्यास मोठ्यांच्या देखरेखीखाली मुभा. हात सोडण्यास सक्त मनाई. अंमलबजावणीचे काम आजोबांकडे आले, कारण दिवसभर घरात तेच असत, आणि शिवाय ही आपत्ती त्यांच्याच कारकिर्दीत ओढवली होती.

काम सोपे नव्हते. एकदा पाय फुटलेल्या माणसाला पुन्हा गुडघ्यांवर आणणे हे मोठमोठ्या राजवटींना जमले आहे, पण त्यांच्याकडे फौज असते. आजोबांकडे एक उशी होती. ढब्बू उभा राहिला की ते "बस, बस, बस!" असे ओरडत उशी घेऊन धावत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेकडे तक्रार नोंदवली. "त्यानं चालू नये म्हणून मला पळावं लागतंय. माझ्या पळण्याचा कुणी व्हिडिओ काढतंय का?"

यावर आत्याने फोनवरून उपाय सुचवला. मुलांना रागावून काही साधत नाही, कौतुकाने साधते. त्यामुळे ढब्बू उभा राहिला की कुणी बघायचे नाही आणि तो बसला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असे ठरले. ढब्बू मूळचा गुणी. त्याने एका दिवसात धोरण आत्मसात केले. तो उभा राही, सभोवार नजर टाकी, थाडकन बसे आणि सर्वांच्या आधी स्वतःच टाळ्या वाजवी. बाबांना त्याचे फार कौतुक वाटले. त्यांच्या कार्यालयात या टप्प्याला पोहोचायला माणसाला वीस वर्षे लागत.

गुरुवारी लस टोचण्यासाठी ढब्बूला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरीणबाईंनी वजन केले, कान पाहिले, आणि सवयीने विचारले, "चालतो का?"

"रविवारपासून," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "रविवारपासून चालायला लागला?"

"नाही, लागणार आहे. येत्या रविवारी. केकनंतर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी हळूच विचारले, "घरात झोप नीट होते ना तुमची?"

शुक्रवारी फोटोवाला जागा पाहायला आला. इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल त्याने चारही कोपऱ्यांतून डोळे बारीक करून पाहिला. उजेड दुपारी चांगला येतो, असे त्याचे मत पडले. ती ढब्बूची झोपेची वेळ होती. ती दोन तास पुढे ढकलण्यात आली. बाळाने उजवीकडून डावीकडे चालावे, कारण डावीकडची भिंत स्वच्छ आहे. मधोमध थोडे थांबावे. आणि शक्यतो वर पाहावे.

"एकदा तालीम घेऊन टाकू," तो म्हणाला.

"तालीम कशी घेणार?" बाबा दचकले. "तालमीत चालला तर तेच पहिलं पाऊल होईल!"

फोटोवाल्याला मुद्दा पटला. शेवटी ढब्बूच्या वतीने बाबांनी तालीम दिली. ते हात वर करून, पोट पुढे काढून, तोल सावरत गालिच्यावरून चालले. पलीकडे आई गुडघ्यांवर बसून हात पसरून थांबली होती.

"साहेब, फार सराईत चालताय," फोटोवाला म्हणाला. "जरा घाबरा की. आणि मॅडम, तुम्ही हसू नका. तुम्हाला रडायचंय."

"आत्तापासून?"

"मी सांगेन तेव्हा."

रविवारी हॉल भरला. गालिच्याच्या दोन्ही बाजूंना पाहुणे दाटीवाटीने उभे राहिले. प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या जागी एकेक फोन होता. केक कापून झाला. ढब्बूला कोट, गळ्याशी बो आणि आयुष्यातले पहिले बूट घालण्यात आले होते. झोप पुढे ढकलल्यामुळे तो जगाकडे निवृत्त न्यायाधीशासारखा पाहत होता. बाबांनी त्याला गालिच्याच्या उजव्या टोकाला उभे केले. डाव्या टोकाला आईने हात पसरले. तिचे डोळे आधीच भरून आले होते, आणि ते कुणी सांगितले म्हणून नव्हे.

"शांतता!" आत्या म्हणाली. "हं. सोड रे त्याला."

बाबांनी हात सोडले. ढब्बू उभा राहिला. हॉलने श्वास रोखला. ढब्बूने सभोवार नजर टाकली, थाडकन खाली बसला आणि टाळ्या वाजवू लागला.

पाहुण्यांनीही सवयीने टाळ्या वाजवल्या. ढब्बूला पाच दिवसांच्या कष्टांचे चीज झाल्यासारखे वाटले.

त्याला पुन्हा उभे केले. तो पुन्हा बसला. त्याच्यापुढे खुळखुळा हलवला, चावी हलवली, रिमोट आणवला. तो बसल्या जागेवरून हात पुढे करी. "त्याला चालणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही, दाखवा कुणीतरी," असे एक काका म्हणाले आणि स्वतः गालिच्यावरून चालून गेले. मग काकू चालल्या. मग मामा चालला, तो मोठा गृहस्थ, शिवाय जेवणाच्या आशेने आलेला, तरी चालला. थोड्याच वेळात सारा हॉल गालिच्यावरून रांगेने ये-जा करू लागला, आणि ढब्बू मधोमध बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवू लागला.

"चाल रे माझ्या राजा," आई पुटपुटत होती. तिचे हात अजून पसरलेलेच होते.

"मॅडम, रडण्याचं आपण घेतलं," फोटोवाला म्हणाला. "छान आलंय. आता तुमची गरज नाही."

मग त्याने बाबांना आणि आत्याला बाजूला घेतले. या धंद्यात त्याने पुष्कळ मुले पाहिली होती. "बाळाचा चेहरा आहे. आईचे अश्रू आहेत. राहिली फक्त पावलं. ती काय, गुडघ्याखालची सगळी सारखीच. दुसरं कुणी चालणारं मूल आहे का?"

"हे बरोबर आहे का?" बाबांनी विचारले. दावे विभागातला माणूस त्यांच्यात क्षणभर जागा झाला.

"चालणार तर तो आहेच ना, आज ना उद्या," आत्या म्हणाली. "आपण खोटं काहीच दाखवत नाही. थोडं आधी दाखवतोय, एवढंच."

चालणारे मूल होते. शेजारीण आपल्या दीड वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन केकची दुसरी फोड खात होती. तिने आनंदाने होकार दिला. ढब्बूचे बूट काढून मुलीला चढवले. जरा घट्ट बसले, पण बसले. अडचण निराळीच निघाली. मुलगी झोकात चालत गेली, वळली, आणि पळत परत आली.

"ही फार चांगली चालते," फोटोवाला नाराजीने म्हणाला. "जरा वाईट चालायला सांगा."

"वाईट चालायला मी तिला शिकवलेलं नाही," शेजारीण जरा फणकाऱ्यानेच म्हणाली.

शेवटी आत्या गुडघ्यांवर बसली आणि मुलगी चालू लागली की मागून गालिचा हळूहळू ओढू लागली. मुलगी डगमगली. सुरेख डगमगली. "वा!" फोटोवाला ओरडला. "ह्याला म्हणतात पहिलं पाऊल!" सगळा हॉल त्याच्या कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर वाकला. गालिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते, कारण पडद्यावर जास्त स्पष्ट दिसत होते.

ढब्बूची आता कुणाला गरज नव्हती. आईने त्याला उचलले आणि ती बाहेरच्या पॅसेजमध्ये आली. तेथे खुर्च्या एकीवर एक रचून ठेवल्या होत्या. तिने त्याचा बो सोडला, मोजे काढले, त्याला एका खुर्चीपाशी उभे केले आणि स्वतः समोरच्या पायरीवर बसली. तिचा फोन आत होता. त्याच्या विजेरीने कुणीतरी गालिच्यावर उजेड पाडत होते. रिकामे हात तिने मांडीवर ठेवले. तिने बोलावले नाही, हात पसरले नाहीत. ती फक्त दमली होती.

ढब्बूने खुर्ची सोडली. गार फरशीवर त्याची बोटे आखडली, पसरली. कुणी टाळी वाजवते का, हे पाहायला तो क्षणभर थांबला. कुणी वाजवली नाही. मग तो चालत निघाला. तोंड उघडे, हात वर, एकेक पाऊल जणू दुसऱ्या कुणाचे असावे तसे टाकत. आला आणि तिच्या गुडघ्यांवर कोसळला. तिने त्याला घट्ट धरले. आत कुणीतरी "अजून एकदा!" म्हणून ओरडत होते.

ती धावतच हॉलमध्ये आली. "अरे, चालला! ढब्बू चालला! माझ्याकडे आला!"

बाबांनी पडद्यावरून मान वर केली. "कुठे?"

"बाहेर. आत्ता."

"कुणी काढलं?"

"कुणी नाही. मी बघितलं."

बाबांच्या चेहऱ्यावर जुनी, समंजस कळा आली. तिने ती मंगळवारीही पाहिली होती, फक्त तेव्हा ती आजोबांसाठी होती.

"अगं, पण आत्ताच कशाला चालू दिलंस?" आत्या हतबल होऊन म्हणाली. "इकडे इतकं सुंदर जमलंय! आता हे टाकेपर्यंत तरी त्याला सगळ्यांसमोर खाली सोडू नकोस."

त्या रात्री चित्रफीत सर्वत्र गेली. आधी ढब्बूचा चेहरा, मग बुटांतली डगमगती पावले, मग आईचे अश्रू, मागे संथ संगीत. ज्यांनी ती पाहिली त्यांचे डोळे पाणावले. ढब्बू आज अडीच वर्षांचा आहे, घरभर पळतो, आणि पाहुणे आले की त्याला समोर बसवून तीच चित्रफीत दाखवतात. तो ती लक्ष देऊन पाहतो.

तुम्हीही पाहिली आहे. आठवत नसेल, कारण त्या दिवशी तुम्ही तशा पुष्कळ पाहिल्या. पण तिला मिळालेल्या लाल बदामांत एक तुमचाही आहे. खाली तुम्ही लिहिलेही होते, "पावलं अगदी आईवर गेलीत हं!"

शेजारणीला ते वाचून फार बरे वाटले.