प्रोसेसरचा झालरीचा झगा

ताईचा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा, आणि ताईची मुलाखत होती कॉम्प्युटर कंपनीच्या मदत-फोनवर बसायच्या नोकरीसाठी. म्हणजे लोकांचे कॉम्प्युटर बंद पडले की ही त्यांना फोनवरून शहाणपण सांगणार. मुलाखत द्यायची होती त्याच तापट डब्यावरून. मध्येच बंद पडला तर नोकरी कसली मिळतेय.

बाबा सकाळपासून स्क्रू-ड्रायव्हर कानामागे खोचून फिरत होते. "प्रोसेसर म्हणजे त्याचं डोकं. डोकं तापतंय, बाकी काही नाही." घरातल्या कुणाबद्दलही ते हेच सांगतात.

त्यांनी डबा टेबलावर घेतला, पत्रा खोलला. आतल्या पंख्यावर एवढी धूळ की एक उशी भरली असती. ती त्यांनी झाडली ताईच्या इस्त्रीच्या शर्टावर. प्रोसेसर गार ठेवायचा लेप वाळला होता, तो खरवडून नवा लावला. ताई म्हणत होती वाटाण्याएवढा पुरतो, बाबांनी भिंतीला लांबी भरावी तसा भरला. मग पुसून वाटाण्याएवढा ठेवला, आणि तसंच करायचं होतं म्हणाले.

चालू केला तर मस्त चालला. जेवणं उरकेपर्यंत हूं की चूं नाही. बाबांनी तो परत टेबलाखाली नेऊन ठेवला.

मग आई आली आणि तिने त्याला कव्हर घातलं.

आईला घरात उघडी वस्तू बघवत नाही. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर, शिवणाच्या मशीनला तर दोन. कॉम्प्युटरचं तिने जुन्या रजईचं शिवलं होतं. खाली झालर, मागे वायरींपुरती फट, पुढे बटणासाठी रीतसर काज. काजातून बोट घालायचं, चालू करायचा. कव्हर काढायची वेळच यायची नाही, त्यामुळे ते कुणाला दिसायचंच बंद झालं होतं.

ताईने एकदा चालवून बघितला. थोड्या वेळात बंद. बाबांनी कव्हर काढलं, डबा वर घेतला, पत्रा खोलला, फुंकर मारली. चालला. खाली ठेवला, आईने कव्हर घातलं. बंद.

"टेबलावर जगतो, खाली गेला की मरतो," बाबा म्हणाले. "ह्याला उंची लागते."

आईने बाबांनाच झापलं, की सारखं उघडंबोडकं केल्यावर दुसरं काय होणार.

तोवर वेळ झाली. पडद्यावर साहेब आले, ताई गोड हसली, आणि टेबलाखाली पंखा घोंघावायला लागला. साहेबांनी विचारलं, घरात मिक्सर चालू आहे का. ताईने शेजाऱ्यांवर ढकललं. तेवढ्यात तिचा पाय कव्हरला लागला आणि चटका बसला. तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटली.

खाली वाकायची सोय नव्हती. ती पायाच्या अंगठ्याने झालर ओढायला लागली. पण आईची शिवण, ती कशाला उसवतेय. दारातून आईने बघितलं तर पोरगी कव्हरला लाथा घालतेय. आई रांगत टेबलाखाली घुसली, कव्हर अलगद सोडवलं आणि छातीशी धरून तिथेच बसली. पंखा हळूहळू गप्प झाला.

साहेबांनी शेवटचा प्रश्न टाकला. "समजा एकाचा फोन आला. कॉम्प्युटर तापून बंद पडतोय. धूळ काढली, लेप बदलला, तरी तेच. तुम्ही पहिलं काय विचाराल?"

ताईने खाली बघितलं. खालून आई डोळे वटारून बघत होती.

"घरात शिवणाचं मशीन आहे का, हे विचारीन सर."

साहेब आपल्या टेबलाखाली वाकले, बराच वेळ दिसेनात. वर आले तेव्हा हातात निळ्या चौकड्यांचं कव्हर होतं, झालरीचं.

"बायकोने शिवलंय," त्यांनी दाराकडे बघत, आवाज बारीक करून सांगितलं. "तुम्ही सोमवारपासून या."

तोवर आई टेबलाखालून पडद्यात उगवली होती. तिने ते कव्हर नीट निरखून घेतलं.

"काज कच्चं आहे," ती म्हणाली.