आम्ही दोघंही मालेचे

मुळशी तालुक्यात गावं पुष्कळ, पण आमच्या मालेची सर एकालाही नाही! हे मी अभिमानानं नाही, पुराव्यानिशी सांगतोय. पुण्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात आमच्या गावाचा वेगळा वॉर्ड होता. दारावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत पाटी: एम, ए, एल, ई. माले! हायवेवरच्या हॉटेलात गेलो, तर तिथं मालेकरांसाठी स्वतंत्र मुतारी! भुकूमकरांसाठी आहे का? नाही! मी मात्र कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. उगाच शेजारच्या गावांना वाईट वाटायचं.

इंग्रजी मला वाचता येतं हो. जन्मभर पौड ते ताम्हिणी वडापची जीप चालवली, पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचून वाचून एबीसीडी पाठ झाली. म्हणून लेकीकडे जोधपूरला जायचं ठरलं तेव्हा थोरल्या शेखरला मी ठणकावून सांगितलं, "बशीचं तिकीट मी काडनार. मोबाइलवर. तू मधी तोंड घालू नगंस!"

आमची धाकटी सृष्टी जोधपूरला असते. जावई दिग्विजयराव तिकडं सोलारच्या कंपनीत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळं बाळंतपण तिकडंच झालं, आणि बारसंही तिकडंच ठरलं. पहिलीच नात! सगुणाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, स्वतःच्या इरकली लुगड्याची कुंची शिवली. ती कुंची छातीशी धरूनच मला बजावलं, "नातीला पाळन्यात मी घालनार. बारशाला पोचले न्हाई, तर तुमाला बगून घीन!"

मग मी मोबाइल घेऊन ओट्यावर बसलो. नावं टाकली, वयं टाकली. पुढं बघतो तर काय! पडद्यावर दोनच गावं, आणि त्यातलं एक माले! अंगावर काटा आला. एवढा मोठा देश, लाखो गावं, आणि बसवाल्यांनी त्यातनं आमचं निवडावं? दुसऱ्या गावाच्या नावातही माले होतंच, पुढं 'फे' जोडलेलं. फेमाले. असेल कुठंतरी आमच्याच गावाचं खुर्द-बुद्रुक! मी आम्हा दोघांच्या नावापुढं माले दाबलं. परतीचंही तिथंच काढून टाकलं, आणि ते काढताना तर आणखी डोकं चालवलं.

एकट्याची खिडकीची जागा मी माझ्यासाठी घेतली. देश बघायला जाणकार माणूस खिडकीत पाहिजे! सगुणाबाईला समोरच्या दोघांच्या जागेत, वाटेकडच्या बाजूला. झोपायची बस होती. जाताना मी तिला सगळा देश समजावून सांगणार होतो. तशी मला माहिती होतीच. ताम्हिणी उतरलं की कोकण, कोकण संपलं की समुद्र. उरलेला देश उजव्या हाताला.

दुपारी चांदणी चौकात बस आली. सगुणाबाईनं आपल्या जागेचा पडदा सारला आणि जी किंकाळी फोडली!

"अगं बया बया! अवो, हितं मिशी हाय!"

आत रंगीत साफा बांधलेले एक धिप्पाड आजोबा आडवे झाले होते. मिशी कानापर्यंत. ते तिच्याहून मोठ्यानं ओरडले, "अरे माताजी!"

तिकीट तपासणारा धावत आला. "ये सीट सगुणाबाई की है. सगुणाबाई कौन?"

"मी," सगुणाबाई म्हणाली.

"आप? इसमें तो मेल लिखा है!"

परप्रांतातली माणसं, त्यांचे उच्चार कच्चे! मी मधे पडलो. "मेल नहीं. माले बोलो, माले!"

"वही तो. ये मेल हैं?"

"व्हय! एकदम!"

त्यानं सगुणाबाईकडं नीट बघितलं. नऊवारी, हिरव्या बांगड्या, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू.

"ये... मेल?"

"पैले नहीं थी. पैले भुकूम की थी. शादी के बाद हो गई."

"शादी के बाद?"

"हमारे में सबका ऐसाच होता है! मेरी मां भी शादी के बादच हुई. आजी भी!"

पुढच्या पडद्यांतनं डोकी बाहेर आली. साफेवाल्या आजोबांनी उठून बसत हळूच विचारलं, "और आपकी बेटी?"

"वो जनम से थी," मी म्हणालो. "अब ब्याह करके जोधपुर गई. अब नहीं रही."

आजोबांनी हात जोडून कपाळाला लावले. तिकीटवाला मात्र कातावला. "चाचा, मज़ाक मत करो! लेडीज़ को जेंट्स के साथ नहीं बिठा सकते. टिकट गलत है. उतरिए. कल की बस से आना."

कल! बारसं उद्या संध्याकाळी! मागं गाड्यांचे भोंगे सुरू झाले, तिकीटवाल्यानं आमची वळकटी उचललीसुद्धा. सगुणाबाई पिशवीतली कुंची चाचपत होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात तिनं पदरानं डोळे पुसले आणि एकदम माझ्याकडं वळली.

"थांबा! काय म्हनला त्यो? मेल? अवो, मेल म्हंजी बाप्या! तुमच्या हर्नियाच्या टायमाला मला रातीचं वार्डात ऱ्हाऊ दिलं न्हाई. नर्सबाई म्हनली, ह्यो मेल वार्ड हाय, हितं बाया चालत न्हाईत!"

"आँ? मला वाटलं, तू मूळची भुकूमची म्हनून!"

पुढच्या जागेवर कुणीतरी मराठी होतं. ते जे हसायला लागलं, त्यानं सगळ्यांना हिंदीत सांगितलं आणि मग बसच हसायला लागली. डायव्हरनं स्टेअरिंगवर डोकं ठेवलं. साफेवाले आजोबा तर मिशी धरून हसले. मग त्यांनीच तोड काढली, "बाईसा खिड़की में सोएगी. और ये भाई मेरे पास!"

तर अशा रीतीनं माझी खिडकी गेली. रात्रभर मी देश बघितला तो आजोबांच्या पाठीएवढा. काय ते घोरणं! घाटात जीप पहिल्या गिअरमध्ये ओरडते ना, तसं.

सकाळी समोरून हाक आली, "अवो, या हितं. लवकर!"

मी तिच्या जागेवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो, खिडकीतनं बघितलं आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं! आमच्याकडं कुठंही बघा, नजर डोंगराला अडते. इथं अडायला काही नव्हतंच. जमीन, पुढं जमीन, आणि तिच्यापुढंही जमीनच! आभाळ पार खाली मातीला टेकलेलं. मधेच एखादं झुडूप, एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन चाललेली, तिच्या मागंपुढं कुणी नाही. बस पळत होती, पळत होती, आणि देश काही संपत नव्हता. एवढा मोठा असतो होय हा? आणि मी जन्मभर ताम्हिणीला गाडी वळवून घरी येत होतो!

"येवडी जमीन," सगुणाबाई कुजबुजली, "आन प्लॉट विकने हाय अशी एक बी पाटी न्हाई!"

तिनं माझा हात धरला होता. मी तिला काही समजावून सांगितलं नाही. सांगण्यासारखं मला काही येतच नव्हतं.

बारसं झोकात झालं. इरकली कुंचीतली नात सगुणाबाईनं पाळण्यात घातली आणि पाळण्याची दोरी काही कुणाच्या हातात दिली नाही. मी कौतुकानं बघत बसलो होतो. तेवढ्यात जावई म्हणाले, "बाबा, परतीचं तिकीट दाखवा. बघू, नीट आहे ना."

आता मला घाम फुटला. सांगितलं ना, ते काढताना आणखी डोकं चालवलं होतं! परत निघायचं जोधपूरहून. मग माले दाबून कसं चालेल? म्हणून आम्हा दोघांच्या नावापुढं मी मुद्दाम ते दुसरं गाव दाबलं होतं.

जावयांनी मोबाइल हातात घेतला, तिकीट वाचलं, पुन्हा वाचलं. माणूस मोठा मर्यादशील. हसले नाहीत. मोबाइल परत देत अदबीनं म्हणाले,

"मग बाबा, तुम्ही दोघी कधी निघताय?"