केळसकरकाका कॉम्प्युटर जुळवतात

आमच्याकडे कुकरची नवी रिंग आणली की ती बसवण्याआधी केळसकरकाका एकदा रिंगकडे बघतात, एकदा कुकरकडे बघतात आणि म्हणतात, "एकनाड. शिट्टी व्हायची नाही." आणि खरंच होत नाही.

मिक्सर आणि त्याचं भांडं, कुलूप आणि कडी, घरमालक आणि भाडेकरू, कुठल्याही दोन गोष्टी शेजारी दिसल्या की काका त्यांची पत्रिका जुळवतात. हा नाद त्यांना माणसांवरून लागला. माझे पप्पा अमळनेरहून मसाटच्या कारखान्यात आले, काका दापोलीकडून इथल्या सरकारी कचेरीत. सिल्वासात मराठी घरं पुष्कळ, पण प्रत्येकाचे आत्या-मामा लांब. त्यामुळे मुलीचं लग्न काढलं की लोक पत्रिका घेऊन किलवणी नाक्याजवळच्या आमच्या बिल्डिंगीत येतात, तिसऱ्या मजल्यावर, काकांकडे.

काका पैसे घेत नाहीत, चहा घेतात. एका हातात बिस्कीट, दुसऱ्या हातात पत्रिका. गुण जुळले की बिस्कीट चहात बुडतं. मुलामुलीची नाडी एकच निघाली, म्हणजे एकनाड झाली, की बिस्कीट बशीत परत जातं, आणि विषय संपतो. माझी आई तर काकांच्या तोंडाकडे बघतच नाही, बिस्किटाकडे बघते.

काका स्वतः बिनलग्नाचे आणि बिनगाडीचे. आमच्या बिल्डिंगीत दूधवाल्याकडेसुद्धा कार आहे, पण काका पस्तीस वर्षं कचेरीत पायी जातात. कोणी थांबून म्हणालं, "बसा काका, सोडतो," तर छत्री वर करून म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे."

मागच्या वर्षी ते माझ्यासाठी एक स्थळ घेऊन आले. मी एका इंग्लिश मीडियम शाळेत ज्युनियर केजीला शिकवते. त्याच शाळेत शिकले, म्हणून काका मला नावाने हाक मारत नाहीत, 'इंग्लिश मीडियम' म्हणतात. माझ्या बायोडेटात आईने 'छंद: वाचन व पाककला' असं घातलंय. खरं म्हणजे मला मॅगी येते आणि मी ट्रक चालवते. कॉम्प्युटरवर. एक खेळ आहे, त्यात ट्रकमध्ये माल भरायचा आणि लांबच्या देशांतल्या रस्त्यांवरून तो पोचवायचा. कोणाला मारायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. दिवसभर चाळीस मुलांशी बोलून झाल्यावर मला एवढंच हवं असतं.

आई चहा टाकत होती तेवढ्यात काका पंखा शोधत माझ्या खोलीत आले. मी लॅपटॉप बंद करणार होते, पण ट्रक पुलावर होता.

"हा कोण चालवतंय?"

"मी."

"तू? लायसन?"

"लागत नाही."

काका खुर्ची ओढून बसले. पाच मिनिटं रस्ता बघितला. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो तो खेळ बघून मला कोणीच विचारला नव्हता. "शेजारची सीट दिसते का गो?"

मी माउस डावीकडे सरकवला. केबिनमधल्या ड्रायव्हरची मान वळली तशी शेजारची रिकामी सीट दिसू लागली. पण माझा लॅपटॉप जुना, त्यामुळे चित्र दोनदा अडखळलं.

"अडखळतंय," काका म्हणाले. एवढ्याशा गोष्टीचं त्यांना एवढं वाईट का वाटावं, ते मला कळलं नाही. त्या दिवशी स्थळाची पत्रिका त्यांच्या खिशातच राहिली. आईने बिस्किटांची बशी तीन वेळा पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना ते जिन्यात उभे. "इंग्लिश मीडियम, मला तसला कॉम्प्युटर जुळवून दे. स्वस्तातला. पण मान वळवली की चित्र अडखळता कामा नये. आणि तीन महिन्यांत झाला पाहिजे."

तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. सरकारी नोकरी संपली की गावी, भावाच्या घरी. "तिथे माझी एक कॉट असेल आणि पुतण्याच्या बायकोची नजर," ते म्हणाले. "असले लाड तिथे चालायचे नाहीत. एकदा इथे चालवून बघतो, म्हणजे झालं."

मग सुरू झाली जुळणी. मी कागदावर भागांची नावं लिहून द्यायची आणि काकांनी त्यांची पत्रिका मांडायची. मदरबोर्ड म्हणजे सासूबाई, सगळे तिच्यावर अवलंबून. ग्राफिक कार्ड, म्हणजे चित्र उमटवणारा भाग, राक्षसगणाचं, कारण वीज फार खातं. "आणि तू त्याला हा देवगणाचा पॉवर सप्लाय देतेस? उपाशी मरेल कार्ड!" नवीन कार्ड परवडणारं नव्हतं, म्हणून जुनं घ्यायचं ठरलं. काका विकणाऱ्याला फोनवर विचारत होते, "आधी कुठे नांदत होतं? किती वर्षं? सोडायचं कारण?" फोन ठेवून मला म्हणाले, "बिजवर आहे, पण वय लहान. घेऊन टाकू."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हितेशभाईंचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे. सगळे भाग तिथे जमा होत होते. हितेशभाईंनी पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "काका, कौन सा गेम खेलना है? फाइटिंग? क्रिकेट?"

"मला डावीकडे बघायचंय."

"मतलब?"

"ट्रकमध्ये बसून. डावीकडे."

हितेशभाई माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघितलं. त्यानंतर दुकानात आम्ही शिरलो की ते आतल्या कारागिराला ओरडून सांगत, "लेफ्ट वाले काका आ गये!"

वापीच्या एका माणसाकडून जुना मदरबोर्ड मिळाला, दादऱ्याच्या एका इंजिनियरकडून प्रोसेसर. काकांनी दोन्हींचं सॉकेट ताडून बघितलं, म्हणजे प्रोसेसर बोर्डावर जिथे बसतो ती जागा. तंतोतंत एक. "बत्तीस गुण!" दोन्ही विकणाऱ्यांनी बजावलं होतं, माल परत घेणार नाही. मी म्हणाले होते, "काका, बोर्ड फार जुना आहे, आधी विचारून घेऊ." पण माझं म्हणणं बहुतेक वेळा मलाच ऐकू येतं.

जोडणीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. कारागिराने सगळं बसवलं. हितेशभाईंनी चहा मागवला. काकांनी बिस्कीट हातात घेतलं. बटण दाबलं. पंखे फिरले, लाल दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला.

पुन्हा दाबलं. काळाच.

काकांनी बिस्कीट बशीत ठेवलं. "एकनाड," ते म्हणाले. एरवी हा शब्द ते न्यायाधीशासारखा उच्चारतात. त्या दिवशी नाही. निवृत्तीला नऊ दिवस राहिले होते, आणि दुसरा बोर्ड घ्यायची ऐपत आता उरली नव्हती. ते उठून छत्री शोधायला लागले. छत्री त्यांच्या हातातच होती.

"अरे बैठो काका," हितेशभाई म्हणाले. "बोर्ड पुराना है, ये प्रोसेसर उसके बाद आया. बोर्ड इसको पहचानता नहीं है, बस. पहचान करा देंगे."

"म्हणजे दोष आहे."

"किसी का दोष नहीं! बोर्ड में एक नया फाइल डालना है. बायोस बोलते हैं. हो जाएगा, थई जशे."

"पण बोर्ड सुरूच होत नाही, तर फाइल घालणार कशी?"

हितेशभाईंनी ड्रॉवरमधून एक जुनाट प्रोसेसर काढला. "इसको बोर्ड पहचानता है. थोड़ी देर इसको बिठाएंगे, फाइल डालेंगे, फिर इसको उठाके आपका वाला. ये बीच में रहेगा, बस."

"मध्यस्थ," काका म्हणाले.

"हां, वही."

काका पुन्हा बसले. वीस मिनिटं ते त्या जुनाट प्रोसेसरकडे असं बघत होते, जसं माझी आई त्यांच्या बिस्किटाकडे बघते. मग कारागिराने तो काढला, काकांचा बसवला आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. हितेशभाई टाळ्या वाजवायला लागले. काकांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि खायचं विसरले. ते तुटून तळाशी गेलं.

घरी येताना कॉम्प्युटरसाठी रिक्षा करावी लागली. काका डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी गप्प होते, मी गप्पच असते. कदाचित म्हणूनच ते बोलले.

"कचेरीत टायपिस्ट होती. सुमन. पालघरची. म्हणायची, तुम्ही गाडी शिका, आपण खानवेलच्या रस्त्याने जाऊ, मी शेजारी बसेन. मी शिकायला लागलो होतो." रिक्षा खड्ड्यातून गेली, त्यांनी डबा छातीशी धरला. "आईने गुरुजींना पत्रिका दाखवली. एकनाड. मग गाडी शिकून काय करायचं?"

डब्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "पत्रिका बघायला मी त्यानंतर शिकलो. म्हटलं, गुरुजींची काहीतरी चूक सापडेल. दोन वर्षं शोधत होतो. गणित बरोबर होतं गो." नाका आला. "फाइल घालता येते, हे कोणी बोललंच नाही. मध्ये बसणारं कोणी नव्हतं."

मला काहीतरी म्हणायचं होतं. इंग्रजीत दोन-तीन वाक्यं तयार होती, मराठीत एकही नव्हतं. मी डब्याची दुसरी बाजू धरली.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे एक जोडपं माझ्यासाठी आपल्या मुलाची पत्रिका घेऊन आलं. काकांनी बघितली, बिस्कीट बशीकडे न्यायला लागले आणि मध्येच थांबले. "ठेवा ही. आधी मुलांची ओळख करून द्या," ते म्हणाले. "ओळखत नाही म्हणजे दोष असतोच असं नाही." आई म्हणाली, "भाऊ, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

निवृत्तीच्या आदल्या रविवारी मी त्यांना खेळ लावून दिला. आपल्याकडच्यासारखं उजव्या बाजूचं स्टिअरिंग निवडून दिलं. सामान बांधलेलं होतं, खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि दोन खुर्च्या एवढंच. काकांनी ट्रक ताशी तीसने काढला. रस्ता मोकळा असतानाही वळणावर सिग्नल दिला. गतिरोधक आला की जवळजवळ थांबत होते, शेजारी कोणाचं डोकं आपटू नये तसे. मागचे ट्रक हॉर्न मारत होते. "तुम्ही व्हा पुढे," काका त्यांना म्हणाले.

मग एका चौकात लाल दिवा लागला. काकांनी माउस हळूच डावीकडे सरकवला.

दिवा हिरवा झाला. मी म्हणाले, "काका, हिरवा." या वेळी माझं म्हणणं ऐकू गेलं.

"हो गो, बघितला," ते म्हणाले.

ट्रक तिथेच उभा होता. शेजारच्या सीटवर काचेतून ऊन पडलं होतं, आणि चित्र जरासुद्धा अडखळत नव्हतं.