सावळीराम कॉलेज तपासायला जातो

मुलीचं, संघमित्राचं, नाव एकदम दोन मेडिकल कॉलेजांत लागलं आणि सावळीरामच्या घरातली शांतता गेली. एक कॉलेज मुंबईचं, इंग्रजांच्या काळातलं, दगडी. दुसरं नाशिकहून दोन तासांच्या एसटीवरचं, चार-पाच वर्षांपूर्वी निघालेलं. भिंतीला टेकलं तर पाठीला अजून चुना लागायचा. सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. नाव लागल्याचं कळलं त्याच संध्याकाळी त्यानं सगळ्या कॉलनीला पेढे वाटले आणि "आमची मित्रा मुंबईला चालली" असं सांगून मोकळा झाला. मित्राला मात्र नवं कॉलेज हवं होतं.

"अण्णा, मुंबईला एका पेशंटभोवती पन्नास मुलं उभी असतात. माझा हात तिथवर पोचणार कधी?"

"अगं, पण नाव हाय का त्या नव्याला? लोक इचारतील, कुठली डाक्टर? काय सांगू मी?"

"लोक विचारतील, बरं करते का."

पण सावळीराम हटणारा थोडाच होता? सोमवारपर्यंत एका कॉलेजला होकार कळवायचा होता. आता माणूस पडला बॉयलरवरचा. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कुठल्याही यंत्रावर त्याचा भरवसा बसत नसे. त्यानं ठरवलं, हे नवं कॉलेजही चालवून पाहायचं. पेशंट होऊन जायचं, तिथला गोंधळ डोळ्यांनी बघायचा आणि पोरीला पुराव्यासकट गप्प करायचं. शुक्रवारी बायकोला, यशोदाबाईला, "सिन्नरला जरा काम हाय" असं सांगून स्वारी निघाली.

हॉस्पिटल भलं मोठं, पण बाकडी रिकामी. पेशंट दिसताच पांढऱ्या कोटातली सात-आठ मुलंमुली लगबगीनं गोळा झाली.

"काय होतंय, काका?"

"पोटात दुखतंय."

सावळीराम एवढंच ठरवून आला होता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हे असं होतं. पुढच्या प्रश्नाची तयारीच नसते.

"आधी बेंबीपाशी दुखलं आणि मग उजवीकडे सरकलं का?"

"हां, तसंच."

"मळमळतं?"

"लय."

"इथे दाबलं की दुखतं?"

"दुखतं की."

"आणि हात एकदम सोडला की?"

नाही म्हटलं तर आपलं पितळ उघडं पडेल असं सावळीरामला वाटलं. "सोडला की तर जीवच जातो बघा."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहरे असे फुलले होते, की सावळीरामला उगाचच आपण काहीतरी बरोबर केल्यासारखं वाटलं. लगेच सर्जरीचे देवरे सर आले. त्यांनी तेच विचारलं, यानं तेच सांगितलं.

"अपेंडिक्स," सर म्हणाले. "नातेवाईक बोलवा. संध्याकाळी ऑपरेशन."

मग काय विचारता. शर्ट-पँट सिस्टरच्या कपाटात गेली, अंगावर हॉस्पिटलचे कपडे आले, एकानं पोटावरून वस्तरा फिरवला, दुसऱ्यानं हातात सलाईन टोचलं. सावळीरामची गाळण उडाली.

"साहेब, थांबलं आता दुखायचं."

देवरे सरांचा चेहरा पडला. "एकदम थांबलं? फुटलं की काय? चला, घाई करा."

"अवो, मुळात दुखतच नव्हतं. मी कॉलेज बघाया आलोय."

"ऑपरेशनचं नाव काढलं की सगळ्यांचंच थांबतं," सिस्टर शांतपणे म्हणाली. "मागे एक जण तर आपण लाइट दुरुस्त करायला आलोय म्हणत होता." आणि तिनं शर्टाच्या खिशातल्या ओळखपत्रावरून वीज केंद्राला फोन लावला.

दुपार कलायच्या आत केंद्राची जीप दारात. यशोदाबाई रडतच वॉर्डात शिरल्या, मागोमाग मित्रा.

"सिन्नरला निघालेला माणूस इथं कसा झोपलाय हो?"

सरांनी संमतीचा कागद त्यांच्यापुढे धरला. मित्रा मात्र बापाकडे बघत राहिली. बापाला काही तिच्याकडे बघवेना.

"सर," ती म्हणाली, "यांना काहीही झालेलं नाही. खोटं बोलले की हे कान चोळतात. बघा, चोळतायत."

"तू कोण?"

"मुलगी. दोन कॉलेजांत माझं नाव लागलंय. त्यातलं एक हे."

देवरे सर आधी रागावणार होते, पण त्यांना गंमत वाटली. "असं? मग ये इकडे. हात चोळून गरम कर. पोटावर ठेव, हळूहळू खोल ने. आणि त्यांच्याशी भलतंच काहीतरी बोल. खरंच दुखत असेल तर माणूस बोलता बोलता थांबेल."

मित्रानं हात ठेवला. "अण्णा, मी सोमवारची वाट नाही बघितली. मुंबईला सकाळीच होय म्हणून कळवून टाकलं."

"कळवलं?" सावळीराम सलाईनसकट उठायला लागला. "मला न इचारता? अगं, तिथं तुला कोण पुढं होऊ देणार? हितं बघ, सकाळपास्नं ही पोरं माझ्या उशापायथ्याशी हायेत. ही पोरगी किती येळा नाडी बघून गेली, तिलाच माहीत. त्या पोरानं मला गाव इचारलं, बॉयलर कसा चालतो ते इचारलं. हे साहेब एवढे मोठे डाक्टर, पण खाटेवर बसून बोलतात. आन् तू तिकडं पन्नास जणांच्या मागं टाचा उंच करून उभी ऱ्हाणार? लोकांचं काय घेऊन बसलीस? माझं पोट ह्या पोरांनी जेवढं बघितलं, तेवढं..."

त्याचं सगळं बोलून होईपर्यंत मित्राची बोटं त्याच्या पोटात उजव्या बाजूला पार आत रुतली होती. तिनं हात एकदम सोडला. सावळीराम बोलतच होता.

देवरे सर हसू दाबत म्हणाले, "ऑपरेशन रद्द. सलाईन काढा."

तेव्हा कुठे सावळीरामनं खाली पाहिलं. "दाबलंस कधी?"

"केव्हाच."

"आन् मुंबईला कळवलंय, ते आता फिरवायचं कसं?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"कळवलंय कुठं, अण्णा? सर म्हणाले भलतंच काहीतरी बोल. बोलले."

सावळीराम तिच्याकडे बघतच राहिला. डोळे भरून आले, ते त्यानं हॉस्पिटलच्याच बाहीनं पुसले. यशोदाबाई संमतीच्या कागदाची घडी घालत काहीबाही पुटपुटत होत्या, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. शेजारच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा मघापासून कान टवकारून होता. सावळीराम त्याच्याकडे वळला.

"बघितलं का, बाबा? माझी मुलगी. ऑपरेशन वाचवलं तिनं."

"डाक्टरीण हाय व्हय? कुठल्या कॉलेजाची?"

सावळीरामनं छाती पुढे काढली.

"ह्याच कॉलेजाची."